आईचं कपाळ कसं होतं?

मी एक तेलखडू बोलतोय. रंग पांढरा. हसलात ना? हसा. बारा रंगांच्या डब्यात पांढऱ्याचं काय काम, असं सगळ्यांनाच वाटतं.

माझा जन्म कारखान्यातला. तेल, मेण आणि रंगाची भुकटी एकत्र घोटून आम्हाला घडवलं, अंगाभोवती कागद गुंडाळला आणि डब्यात ओळीनं निजवलं. एका टेलरबाईंनी तो डबा आपल्या लेकीसाठी नेला. निळा महिनाभरात अर्धा झाला, लालाचे तीन तुकडे झाले. मला एकदाच उचललं. पांढऱ्या कागदावर फिरवलं आणि लेक म्हणाली, "आई, हा चालतच नाही."

चालत नाही म्हणे! मी चांगला चाललो होतो, तिला दिसलो नाही त्याला मी काय करू? पण फार लागलं ते मनाला. झिजणं हेच आमचं जगणं, आणि मी आपला कोऱ्या टोकाचा पडून.

लेक मोठी झाली, लग्न होऊन गेली. डबा मशीनच्या खणात गेला. वर्षं गेली, झाकण निघालं, आणि मी कातरणं, बटणं अन् शिवणाच्या खडूंमध्ये जाऊन पडलो. एक दिवस बाई घाईत होत्या. एका वकीलबाईंचा काळा कोट त्याच दिवशी द्यायचा होता. त्यांनी खणात हात घातला, शिवणाचा खडू समजून मलाच उचललं आणि बाहीच्या कापडावर झोकात रेघ ओढली.

अहाहा! माझी रेघ! काळ्यावर काय उठून दिसलो मी!

पण शिवणाचा खडू झटकला की जातो. मी कसला जातोय! बाईंनी झटकलं, ओल्या फडक्यानं पुसलं, शेवटी वरून इस्त्री फिरवली. तिथेच सगळा घोळ झाला. ऊब लागली की आम्ही पसरतो.

"बोंबला!" बाई ओरडल्या. डोक्यावर हात मारून नवी बाही कापली, कोट कसाबसा पुरा केला. मग त्या वाया गेलेल्या कापडावर रागारागानं अंगठा घासला आणि थबकल्या. माझी कड विरली होती. काळ्यातून एक गोल उजेड वर आला होता, गालासारखा.

बाई हळूच म्हणाल्या, "आई."

त्यांची आई त्या चार वर्षांच्या असताना गेली. एकच फोटो होता, तो घर बदलताना हरवला. दिव्याजवळ शिवत बसलेली आई आणि तिच्या गालावरचा उजेड, एवढंच बाईंना आठवत होतं. चेहरा नाही.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी काळे कागद आणले. वयाच्या साठीत, कोणी शिकवायला नाही! खाली तपकिरी खडूचा तुकडा, त्यावर पिवळा, मग मी, आणि वरून अंगठा. केस काढायचे तर सुईच्या टोकानं रंग खरवडायचा. आम्ही पुरते वाळत कधीच नाही, हे कळल्यावर तर बाई खूशच झाल्या. "चुकलं तर उसवून पुन्हा घालता येतं की!" म्हणाल्या.

चेहरा बरोबर आहे का, हे सांगणारं जगात एकच माणूस होतं. त्यांचे दादा. आई गेली तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. दर रविवारी चहाला यायचे. बाई कप पुढे करायच्या आणि लगेच चित्र.

"कपाळ असं नव्हतं, चिमे."

"मग कसं होतं?"

"जरा मोठं."

पुढच्या रविवारी, "एवढं मोठंही नव्हतं गं." मग जिवणी चुकली, मग हनुवटी.

"मोठा परीक्षक लागून गेलास!" बाई चिडायच्या, पण सोमवारी पुन्हा बसायच्या. मी झिजत होतो. इतका सुखात मी कधीच नव्हतो. मलाही आता ती आई बघायचीच होती.

अकरा चेहरे झाले. बाराव्याला दादांनी कप खाली ठेवला.

"चिमे, मलाही आठवत नाही गं."

"काय?"

"नऊ वर्षांचा होतो मी. आठवायला हवं होतं. लाज वाटायची सांगायला. वाटायचं, पुढच्या चित्रात एकदम ओळख पटेल. म्हणून नाही नाही म्हणत राहिलो."

"अरे, मग माझ्या आईचं कपाळ लहानमोठं कशाला करत बसलास!" बाई कडाडल्या. आणि मग हसायलाच लागल्या. हसता हसता रडल्या. दादाही रडले. पांढऱ्या केसांची ती दोन पोरकी पोरं बघून मला अगदी भरून आलं.

शेवटी बाईंनी बाराही चित्रं मांडली. "यातली कुठली आई घेऊ या?"

दादांनी तिसरं उचललं. त्यात ती खाली मान घालून शिवत होती. "ही. ही आत्ता वर बघेल असं वाटतं."

तेच काच लावून भिंतीवर गेलं. ती खरंच तशी होती का, हे सांगायला आता कोणी नाही.

लेकीनं मध्यंतरी मोठा नवा डबा पाठवला. बाई त्यातल्या खडूंनी गिऱ्हाइकांचे, शेजाऱ्यांचे चेहरे काढतात, लोक मुद्दाम बघायला येतात. मी नखाएवढा उरलोय. बाईंनी मला टाचण्यांच्या डबीत ठेवलंय. "दादाला काही आठवलं तर लागेल," म्हणतात.

दर रविवारी त्या विचारतात, "काही आठवलं का रे?" दादा मान हलवतात आणि चहा पितात. मी डबीतून ऐकतो आणि जीव नुसता तुटतो.

अहो दादा, आठवा की काहीतरी. हसताना तिचा एक दात जरा पुढे दिसायचा, एवढं तरी म्हणा. खोटं का असेना. एका दातापुरता मी अजून आहे.