एडमंड थॉर्लीची साक्ष

१९६४ साली दुबईत, देरा भागातल्या एका शिपिंग ऑफिसात मी टायपिस्ट होतो. आमचे थॉर्लीसाहेब फावल्या वेळात आपल्या पूर्वजाचं चरित्र लिहीत. हा एडमंड थॉर्ली तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या पार्लमेंटात मेंबर होता. अकरा वर्षं तिथं बसला आणि एकदाही तोंड उघडलं नाही. असल्या माणसावर दीडशे पानं! पण मी गुपचूप टाइप करत होतो. बिलकीस, माझी बायको, तीन वर्षं दापोलीकडच्या गावात वाट बघत होती आणि तिला इकडे आणायला साहेबांच्या सहीचं पत्र लागणार होतं.

शेवटी एक्क्याण्णवाव्या पानावर एडमंडनं तोंड उघडलं. राजा आणि पार्लमेंट यांच्यात लढाई जुंपलेली. एडमंडचा सख्खा भाऊ राजाच्या बाजूनं लढला. आपलं घर जप्त होऊ नये म्हणून एडमंडनं त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. भाऊ तुरुंगात मेला.

आमच्यात मयताचे ऐब, म्हणजे दोष, काढत नाहीत. जन्मभर छळणाऱ्या सासूबद्दलही माझ्या आईनं, मैमुनाबीनं, जियारतीला, तिसऱ्या दिवशीच्या दुआला, चार गोड शब्दच काढले होते. साहेबांच्या हातून चुकून लिहिलं गेलं असेल असं समजून मी तेवढा मजकूर गाळला. वर त्यांच्या घराण्याची अब्रू राखली म्हणून खूषही झालो. उंटावरचा शहाणा!

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. “खैरुद्दीन, टेस्टिमनीचं पान कुठाय?”

“सर, मेलेल्या माणसाचं वाईट लिहीत नाहीत. त्यात हा तुमच्याच घरचा.”

ते चिडले नाहीत. “जन्मात त्यानं एवढी एकच गोष्ट केली. तो कागद शोधायला मला नऊ वर्षं लागली. आधी ते पान टाइप कर, मग तुझं लेटर साइन करतो.”

नाही म्हणावं असं फार वाटलं. पण बिलकीसनं लिहिलं होतं, ‘आता गावात लोक विचारायचेही थांबलेत.’ मी टाइप केलं, कार्बन लावून तीन प्रती. साहेबांनी सही केली.

दोन महिन्यांनी बिलकीस बोटीनं आली. मी तिला सगळं सांगितलं.

“म्हणजे माझ्यासाठी तुम्ही मयताची उणीदुणी काढलीत?”

“हो.”

मग तिनं विचारलं, “त्याला बायकामुलं होती?”

“होती. पाच मुलं. पुस्तकाच्या शेवटी वंशावळीत नावं आहेत.”

“आणि साक्षीच्या पानावर?”

साक्षीच्या पानावर नव्हती. मी बायकोसाठी ते पान टाइप केलं, पण त्यानं साक्ष कुणासाठी दिली ते त्यात नव्हतंच; रात्रभर मला स्वतःची लाज वाटत राहिली. सकाळी मी ते पान पुन्हा मशीनवर चढवलं आणि साक्षीखाली न विचारता एक ओळ घातली: त्या वेळी घरात त्याची बायको आणि पाच मुलं होती.

साहेबांनी वाचलं. “हे मी लिहिलेलं नाही.”

“नाही सर. मी लिहिलंय.”

ती ओळ खोडायला त्यांनी पेन उचललं. बिलकीसच्या इथं राहायच्या परवान्याचे कागद अजून सहीसाठी त्यांच्याच टेबलावर होते. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली आणि पेन खाली ठेवलं.