माझे दोन बंद कान

मी एक जुना स्टेथोस्कोप आहे, मित्रांनो, पण डॉक्टरांच्या गळ्यात असतो तसला नव्हे. मला चार कान आहेत. छातीवर ठेवायची चकती एकच, पण तिला नळ्या दोन बाजूंना. एका बाजूला शिकवणाऱ्याच्या कानांची जोडी, दुसऱ्या बाजूला शिकणाऱ्याच्या. दोघांनी एकाच वेळी एकच हृदय ऐकावं म्हणून कारखान्यात मला असं घडवलं.

वैद्यकीय कॉलेजात आलो तेव्हा माझं फार कौतुक झालं. हृदयाचे मोठे सर मला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. पुस्तकं परक्या भाषेत होती म्हणून ते शिकवतही परक्या भाषेत. शिपायावर रागवायचं असलं की मात्र त्यांना घरची भाषा लागे.

रीत ठरलेली होती. सर चकती ठेवत आणि ऐकू आलं का, असं विचारत. विद्यार्थी मान डोलवी आणि त्या आवाजाचं पुस्तकातलं वर्णन घडाघडा म्हणून दाखवी. सर खूश, विद्यार्थी सुटला.

पुढे विद्यार्थ्याच्या बाजूच्या नळीत मळ साचत गेला आणि ती पार बुजली. तिकडे ठोकासुद्धा पोचेना. मला वाटलं, आता बोंब होणार. कसली बोंब! वर्णनं पूर्वीइतकीच बिनचूक येत राहिली. मला कान चार असले तरी तोंड नाही, त्यामुळे मीही गप्प.

त्या वर्गात एका गवंड्याची लेक होती. घरच्या भाषेत शिकून पहिली आलेली, पण इथे तोंड उघडायचं म्हटलं की तिची गाळण उडायची. एकदा ती नापास झाली होती. पुन्हा झाली असती तर तिला कॉलेज सोडावं लागलं असतं.

तोंडी परीक्षेला खाटेवर एक वयस्कर मावशी होत्या. सरांनी चकती ठेवून नेहमीचा प्रश्न विचारला. मुलीने वर्णन घोकलं होतं, पण ऐन वेळी त्यातला एक शब्द आठवेना. मग ती घरच्या भाषेत बोलली.

“सर, मला काहीच ऐकू येत नाहीये.”

मागे रांगेत उभ्या विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी हसलं. सरांनी कपाळाला आठी घालून तिच्याकडची जोडी स्वतःच्या कानांत घातली. चकती दोनदा सरकवून पाहिली. मग रांगेकडे वळून, आजवर तुम्ही काय ऐकलंत, असं त्यांनी विचारलं. सगळे जमिनीकडे बघू लागले.

सरांनी आपली जोडी मुलीला दिली. “आता ऐक, आणि सुचेल तसं सांग.”

“ठोक्यामागून फुस्स होतंय, सर. दार नीट लागत नसलं की फटीतून वारा येतो ना, तसं.”

सर मान हलवणार, तोच मावशी म्हणाल्या, “म्हणजे माझंच दार लागत नाही होय? मग एवढे जण ऐकून गेले, मला कुणी सांगितलं का नाही?”

सर खाटेच्या कडेला बसले आणि हृदयाची झडप नीट मिटत नाही म्हणजे काय, ते त्यांना घरच्या भाषेत सांगू लागले.

मुलगी पास झाली. शिपायाने माझी नळी साफ केली. त्यानंतर सर खाटेपाशी घरच्या भाषेत शिकवू लागले, परके शब्द मागाहून फळ्यावर लिहून देत. काही विद्यार्थी नाराज झाले, कारण आता खरंच ऐकावं लागे.

आज मी कपाटात पडून आहे. माझं रबर चिरलंय, नवी यंत्रं आली आहेत. ती मुलगी आता इथेच शिकवते. अधूनमधून मला खाली काढते, दोन्ही नळ्यांत फुंकर मारून बघते. तेवढ्याने मला बरं वाटतं.

मित्रांनो, वस्तू आतूनही साफ ठेवा. आणि कुणाला काही शिकवलंत, तर कळलं का हे त्याला अशा भाषेत विचारा, ज्या भाषेत त्याला ‘नाही’ म्हणता येईल.