ओकाचा वळसा

रातोमिरने डाव्या बुटात खडा टाकला, लेस घट्ट बांधली आणि दोन पावलं लंगडून बघितलं.

"जमलं," तो म्हणाला. "आता अगदी कोसारा मावशी. वहिनी, घड्याळ दाबा."

"अहो भावजी, सकाळचे सात वाजलेत. अख्खी वस्ती खिडकीत उभी आहे. माझ्या दारातून असे लंगडत निघालात तर दुपारपर्यंत बातमी होईल, देसान्काने दिराचा पाय मोडला म्हणून."

"होऊ दे. दाबा तुम्ही."

सामन्यातल्या पंचांचं जुनं घड्याळ माझ्या हातात होतं. मी ते दाबलं आणि त्याच्या मागून निघाले. रातोमिर माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, पण दीर काही माझी पाठ सोडत नाही. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, मनातल्या मनात अरे-तुरे. आणि त्या सकाळी मनातल्या मनात बरंच काही चाललं होतं. माझे बूट नवे होते, चावत होते, आणि रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता.

कारण त्या दिवशी दुपारी बारा वाजता खाणीची इंजिनिअरबाई येणार होती. आमचं लिपोव्याक गाव कोळशाच्या खाणीत चाललं होतं. अर्धं गाव वीटभट्टीजवळच्या नव्या वस्तीत गेलं, त्यात मी. अर्धं गाव खाली नदीकाठी गेलं. चर्च हलवलं, शाळा हलवली, कबरीसुद्धा हलवल्या. माझा नवरा आता माझ्या नव्या घरापासून दहा मिनिटांवर झोपलेला आहे, जिवंतपणी कधी इतका जवळ सापडला नाही. राहिलं फक्त फुटबॉलचं मैदान. दोन वस्त्या झाल्या तरी मैदान एकच मिळणार, असं खाणवाल्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. जागा तीन सुचवल्या होत्या: वीटभट्टीच्या मागे, नदीकाठच्या कुरणात, किंवा दोन्हींच्या मधल्या टेकडीच्या खांद्यावर. दोन्ही वस्त्यांच्या प्रमुखांनी आज एका जागेवर सह्या केल्या तर मैदान होणार. नाहीतर यादीतून नाव कटणार, विषय संपला.

आणि सह्या होणार नाहीत हे कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. आमच्या वस्तीचा प्रमुख तिओसाव नदीकाठाला 'बेडकं' म्हणतो. त्यांचा ओब्रेन आम्हाला 'विटा' म्हणतो. तीन वर्षांपूर्वी दोघे एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना राहत होते, एकमेकांची राकिया, म्हणजे आलुबुखाराची घरची दारू, चाखून नावं ठेवत होते.

"जरा भराभर चाला ना," मी म्हटलं.

"मावशी भराभर चालते का? तिचे गुडघे बघितलेत ना?"

"मावशी नदीकाठी राहते! ती वीटभट्टीहून कशाला चढेल?"

"इथेही म्हाताऱ्या आहेत. तुम्हीच दहा वर्षांनी."

काल याच खड्यासकट तो नदीकाठच्या शेवटच्या घरापासून टेकडीवर चढला होता. एक्केचाळीस मिनिटं. आज आमच्या बाजूने बघायचं होतं. इंजिनिअरबाईच्या तक्त्यात माती होती, पाणी होतं, वीज होती, रस्ता होता. म्हाताऱ्या माणसाला रविवारी मैदानावर पोचायला किती वेळ लागतो, हा रकाना नव्हता. तो रकाना रातोमिरने स्वतः काढला आणि स्वतःच्या पायाने भरला.

जुन्या गावात अजून राहणारा शेवटचा माणूस तोच होता. तीस वर्षं खाणीत पंपांवर मिस्त्री होता, खाण कोरडी ठेवायचं काम त्याचं. तीच खाण आता त्याच्या परसापर्यंत आली होती. खोदायचं यंत्र इतकं जवळ होतं की कपाटातले पेले हलत. तरी घराच्या कागदावर सही करत नव्हता. लोकांना वाटायचं जास्त मोबदल्यासाठी अडून बसलाय. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

अर्ध्या चढावर तो थांबला. कपाळावर घाम होता.

"खडा काढा आता," मी म्हटलं. "पुरे झालं."

"मावशी काढेल का गुडघे?" त्याने श्वास घेतला. "वहिनी, एक सांगू? मी वीटभट्टीला आलो की नदीवाले म्हणणार, हा त्यांचा झाला. नदीला गेलो की तुम्ही म्हणणार."

"मी म्हणणार नाही."

"तिओसाव म्हणेल. मैदानावर मी कुणाचा नव्हतो. दोन्ही बाजूंचे शिव्या घालायचे, रेषा वाकडी मारली म्हणून."

रेषा वाकडी होतीच, ते खरं. जुन्या मैदानाच्या एका बाजूला गावाचा ओक उभा होता. खोडात क्रॉस कोरलेला, वर्षातून एकदा सगळं गाव धर्मगुरूबरोबर त्याच्याभोवती फिरायचं, आणि त्याची काडीसुद्धा कुणी मोडायचं नाही. मैदान आखताना झाड दोन हात आत आलं. दुसऱ्या कुठल्या गावाने मैदान सरकवलं असतं. आमच्या माणसांनी चुन्याची रेषा झाडाला वळसा घालून नेली आणि खेळायला लागले. बाहेरगावचे संघ बोंब मारायचे, पंच डोक्याला हात लावायचे. चाळीस वर्षं तो वळसा रातोमिर मारत आला. आणि चाळीस वर्षं कोसारा मावशी त्या वळशात स्टूल टाकून सावलीत बसली, सूर्यफुलाच्या बिया सोलत, पंचाच्या आईबापांचा उद्धार करत.

आम्ही टेकडीच्या खांद्यावर पोचलो. मी घड्याळ दाबलं. त्रेचाळीस मिनिटं.

"दोन मिनिटांचा फरक," तो म्हणाला. चेहरा उजळला होता. "दोनच!"

"आणि वारा बघितलात का?" माझा डोक्याचा रुमाल केव्हाच मानेवर आला होता. "इथे कोशावा वारा सुटला की चेंडू मारायचा इकडे आणि जायचा बेलग्रेडला. पाणी नाही. जमीन तिरकी. तुम्ही वेडे आहात."

"जमीन सपाट करता येते. पाणी मी चढवतो, तेवढंच तर येतं मला. माणसं सपाट करता येत नाहीत."

बाराला पाच मिनिटं असताना गाडी आली. इंजिनिअरबाईचं नाव इवोना. पोरगी माझ्या भाचीच्या वयाची, पायात मोठे बूट, हातात फाइल. मागून तिओसाव आला, दुसऱ्या बाजूने ओब्रेन चढून आला. दोघे एकमेकांपासून चार पावलांवर, पाठमोरे उभे राहिले.

"सगळ्या जागा तपासून झाल्या," इवोना म्हणाली. "शंभरपैकी गुण दिलेत. वीटभट्टीमागची जागा, ऐंशी."

"बघा!" तिओसाव म्हणाला. "झालं तर मग. करा सही."

"मेलो तरी नाही," ओब्रेन आकाशाला म्हणाला. "विटांच्या दारात जाऊन आम्ही खेळायचं? वर त्यांच्याच दुकानातून पाणी विकत घ्यायचं?"

"नदीकाठची जागा अठ्ठ्याहत्तर," इवोना घाईने म्हणाली. "पुराचा थोडा धोका आहे, पण—"

"बेडकांना पुराचा कसला धोका!" तिओसाव हसला. "माझी सही तिथे होणार नाही. हात तोडा माझा."

"आधी जीभ तोडायला हवी."

"तू तोडशील? तुझ्या कुंपणाचा खांब आजवर सरळ लावता आला नाही तुला!"

इवोनाने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. पोरी, तू गुण देतेस, इथे खुन्नस चाललीय. दुसऱ्याला मिळू नये म्हणून आपलं घालवण्यात आमच्या गावाचा हात कोणी धरणार नाही.

"आणि ही?" रातोमिरने विचारलं. एका पायावर भार देऊन उभा होता. "ही टेकडीची?"

"ही..." तिने पान उलटलं. "अडतीस. ही मी विचारात घेतलीच नाही, खरं सांगते. वारा आहे, उतार आहे, दोन्ही वस्त्यांना गैरसोयीची आहे."

"सारखीच गैरसोयीची," रातोमिर म्हणाला. "मी चालून बघितलंय. नदीकाठाला एक्केचाळीस मिनिटं, वीटभट्टीला त्रेचाळीस."

मग ओब्रेन हळूच वळला.

"म्हणजे त्यांना दोन मिनिटं जास्त?"

"दोन."

"मग माझी सही घ्या," ओब्रेन म्हणाला. "कुठे करायची?"

"ए थांब!" तिओसाव लाल झाला. "आम्ही का दोन मिनिटं जास्त चालायचं? आमचे पाय काय फुकटचे आहेत?"

रातोमिर खाली वाकला, एक दगड उचलला आणि लंगडत लंगडत वीटभट्टीच्या बाजूला गेला. मोजून पावलं टाकली, दगड ठेवला.

"फाटक इथे करतो. तुमच्या बाजूला. दोन मिनिटं गेली."

तिओसावने फाटकाच्या दगडाकडे बघितलं, ओब्रेनकडे बघितलं. "आणि यांना वळसा घालून यावं लागेल?"

"थोडा."

"द्या पेन."

दोन सह्या झाल्या. इवोनाने तिसऱ्यांदा विचारलं, "नक्की ना? ही तिन्हींत सगळ्यात वाईट जागा आहे." दोघांनी एकदम "नक्की" म्हटलं. तीन वर्षांत दोघे एकदम काही बोलले ते तेवढंच. मग एक इकडून उतरला, एक तिकडून.

गाडी गेल्यावर रातोमिर गवतात बसला. बूट काढला. खडा बाहेर पडला, मोजा टाचेला चिकटला होता, रक्ताने. मी माझा रुमाल सोडून टाचेला बांधायला लागले, राग आला होता की रडू, मला कळेना.

"बघितलंत वहिनी?" तो म्हणाला. "तोंडाने काही बोलू देत. मनात गाव एकच आहे."

माझ्या जिभेवर आलं होतं. मनात गाव नव्हतं, भावजी, मनात दोन मिनिटं होती. पण त्याच्याकडे बघून मी ते गिळलं. इतकं आनंदलेलं त्याला मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं, आणि ती बायको तर दोन वर्षांत निघूनच गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने घराच्या कागदावर सही केली. वीटभट्टीच्या वस्तीत, माझ्यापासून तिसरं घर घेतलं. नदीवाले म्हणालेच, हा त्यांचा झाला.

ऑगस्टमध्ये ओक पडला. गावातला एकही माणूस त्याला हात लावेना, शेवटी खाणवाल्यांनी लांबून तोडणारा आणला. आम्ही बघायला गेलो नाही. रातोमिर त्या दिवशी टेकडीवर नळ जोडत होता. यंत्राचा आवाज थांबला तेव्हा त्यानेही पाना खाली ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही, हे मी पाहिलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी बाहेरगावच्या संघाशी सामना ठरला. सकाळपासून तो वर. मी भाकरी आणि मिरच्यांचं लोणचं घेऊन चढले, तर हा चुन्याची बादली घेऊन ओणवा. तीन रेषा सरळ. चौथ्या रेषेवर, मधोमध, त्याने वळसा मारला होता. आत काहीच नव्हतं. गवत होतं.

"भावजी," मी म्हटलं, "हे काय?"

"रेषा."

"इथे झाड कुठे आहे?"

"मला माहीत आहे झाड कुठे आहे," तो म्हणाला आणि बादली घेऊन पुढे गेला.

पंचाने आल्या आल्या कपाळावर हात मारला. रातोमिरने त्याला काय सांगितलं ऐकू आलं नाही, पण पंचाने शिट्टी खिशात घातली आणि म्हणाला, "असू दे."

तीनपर्यंत आमच्या बाजूने चाळीसेक माणसं चढून आली. नदीकडून कोणी नाही. त्यांची पाच पोरं आमच्या संघात होती, तीही नाहीत. सहा जणांवर सामना कसा खेळणार? रातोमिर मैदानाच्या खालच्या टोकाला जाऊन उभा राहिला, परत आला, पुन्हा गेला. तिओसाव मला म्हणाला, "बेडकं चढत नाहीत, सांगत होतो." मी त्याला असं काही सुनावलं की तो उठून दुसरीकडे बसला.

तेवढ्यात खालून एक काठी दिसली. मग काळा रुमाल. कोसारा मावशी, एका हातात काठी, दुसऱ्यात स्टूल. तिच्या मागे, तिच्याच चालीने, ती पाच पोरं, ओब्रेन, आणि सगळा नदीकाठ. तिला ओलांडून पुढे जायची कुणाची टाप नव्हती.

"मावशी!" रातोमिर धावला. "किती वेळ लागला?"

"तास झाला असेल, मेल्या," ती धापा टाकत म्हणाली. "एक्केचाळीस मिनिटं म्हणे! कुणी मोजली?"

मावशीने त्याला बाजूला सारलं आणि बाजूच्या रेषेने चालत आली. वळशापाशी थांबली. खाली बघितलं, वर बघितलं, जिथे आभाळाशिवाय काही नव्हतं. तीन बोटांनी छातीवर क्रॉस केला. मग स्टूल वळशाच्या आत ठेवून बसली आणि बियांची पुडी सोडली. ऊन तिच्या डोक्यावर सरळ पडत होतं.

सामना आम्ही हरलो. पाच गोल खाल्ले, त्यातले दोन वाऱ्याने आमच्याच पोरांकडून घालून घेतले. आमची आणि नदीची माणसं समोरासमोर बसून एकमेकांच्या पोरांना शिव्या घालत होती. सामनाभर आमचं एकही पोर त्या वळशात शिरलं नाही. बाहेरगावचे मात्र सरळ तुडवत गेले, आणि दर वेळी मावशीने त्यांच्या खानदानाची चौकशी केली.

पण मध्यंतराला काय झालं ते सांगते. मावशी उठली, स्टूल उचललं आणि वळशाच्या दुसऱ्या अंगाला नेऊन ठेवलं. दुपारनंतर ओकाची सावली तिथे यायची. चाळीस वर्षं ती मध्यंतराला तशीच सरकायची.

रातोमिर बादली घेऊन माझ्या शेजारी उभा होता. त्याने ते पाहिलं. मग खाली बसला आणि खेळाडूंनी तुडवलेला वळसा पुन्हा पांढरा करायला लागला.