उलट्या दाराची फियाट

"आधी बसू द्या मला. पाय मग घेते आत," प्रणिता म्हणाली आणि तिनं कुबड्या बापाच्या हातात दिल्या.

त्या जुनाट फियाटचं पुढचं दार उलटं उघडायचं. बिजागऱ्या मागे, मूठ पुढे. दार मागे ढकललं की सीटसमोरची सगळी जागा मोकळी व्हायची. प्रणिता गाडीकडे पाठ करून उभी राहिली, अलगद सीटवर टेकली, मग दोन्ही हातांनी आधी उजवा पाय आणि नंतर लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर लावलेला डावा पाय उचलून आत घेतला. पिराजी कुबड्या गाडीला टेकवून मदतीला हात पुढे करून उभा होता. ते हात तसेच रिकामे खाली आले.

"बसले, अण्णा," ती म्हणाली.

बापाला त्यांच्या घरात अण्णाच म्हणत. बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली ही पोर लहानपणी पोलिओनं पाय घालवून बसली होती. रिक्षात तिला धरून चढवावं लागे आणि बसमध्ये उचलावंच लागे. कुणाचाही हात न लागता ती गाडीत बसली ती आज पहिल्यांदा. पिराजीला एकदम भरून आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून तो वाकून सीट तपासायला लागला.

सीट तपासणं हाच त्याचा धंदा. आजोबांनी बेंगळुरात येऊन चिकपेटेत सदरे शिवले, बापानं शाळांचे गणवेश शिवले आणि पिराजीनं जे. सी. रोडवरच्या दुकानात उभा जन्म मोटारींची सीटकव्हरं शिवली. शेकडो गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या, पण घरी आली ती फक्त सायकल. गाड्या मागेपुढे करता करता तो चालवायला शिकला होता आणि लायसन्सही काढून ठेवलं होतं. कशासाठी काढलं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

आता कारण मिळालं होतं. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत प्रणिताला नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं, येण्याजाण्याचं तुमचं तुम्ही बघा, नाही जमलं तर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावू, असं तिथल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं होतं. कंपनीची बस होती, पण तिच्या पायऱ्या धडधाकट माणसांसाठी केलेल्या. रोज रिक्षा करायची तर पगार रिक्षावाल्यालाच नेऊन द्यावा लागला असता.

विल्सन गार्डनमधल्या आपल्या शेडमध्ये सेल्वराज मेकॅनिक बिडी ओढत उभा होता. त्याच्या कन्नडात निम्मं तमिळ असे, पण पिराजीला ते सवयीचं होतं.

"मास्टर, खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "खालचा पत्रा गंजलाय. मॅट उचललं तर रस्ता दिसेल. पण इंजिनाला काही झालेलं नाही. एवढ्या स्वस्तात दुसरीकडे सायडिंगला लावलेली गाडीसुद्धा मिळणार नाही."

पिराजीनं मॅट उचलून पाहिलं. खरंच खालची जमीन दिसत होती. वाटेत बंद पडली तर? पोरगी आत बसलेली आणि आपण एकटे ढकलणार? पेट्रोल किती पिते देव जाणे. दोन दिवस तो हेच घोकत होता. पण मघाशी पाहिलेलं डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. घ्यायची, असं त्यानं तिथंच ठरवलं आणि तसं बोलून दाखवलं. गंगव्वानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, भिशीची चीट उचलून दिलेले पैसे त्याच्या खिशात होते.

"मग घेऊन जा आत्ताच," सेल्वराज म्हणाला. "आज शुक्रवार, त्यात अमावास्या. आमच्यात यापेक्षा चांगला दिवस नाही. सकाळीच पूजा केलीय." बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं होती. त्यानं किल्ली पुढे धरली.

पिराजीचा हात खिशापर्यंत गेला आणि थांबला. त्याच्या घरात अमावास्येला मीठ आणत नसत, केरसुणी आणत नसत, मग मोटार कुठली? तीन पिढ्या बेंगळुरात काढून भाषा बदलली होती, जेवण बदललं होतं, पण पंचांग गावाकडचंच राहिलं होतं. सकाळी निघताना गंगव्वानं दारात अडवून बजावलं होतं, "नुसतं बघून या. खिशातल्या दुड्डूला हात लावू नका आज."

"उद्या येतो," पिराजी म्हणाला.

"उद्या प्रथमा, म्हणजे तुमची प्रतिपदा. आमच्यात प्रथमेला काही देत-घेत नाहीत."

"मग रविवारी. पक्कं."

सेल्वराजनं किल्लीकडे पाहिलं, पिराजीकडे पाहिलं. "सरी, ठीक," तो म्हणाला. त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

"अण्णा, घ्या की आजच," आतून प्रणिता म्हणाली. "निदान थोडे पैसे देऊन ठेवा. आईला मी सांगते."

"स्वल्प दोन दिवस, पुट्टी. सोमवारच्या आत गाडी दारात असेल."

तिनं दोन्ही पाय उचलून बाहेर ठेवले आणि कुबड्या मागून घेतल्या. बसली होती तशीच, कुणाचाही हात न लागता, खाली उतरली.

रविवारी सकाळी पिराजी आंघोळ करून, पिशवीत नारळ घेऊन शेडवर गेला. गाडी उभी होती तिथं तेलाचा डाग होता. सेल्वराज त्याला बघून उठून उभा राहिला.

"शुक्रवारी संध्याकाळीच गेली, मास्टर. अमावास्येला आलेल्या गिऱ्हाइकाला मी परत पाठवत नाही. तुम्ही तर किल्लीला हातही लावला नाहीत. मला वाटलं, मन नाही तुमचं."

"कुणी नेली?"

सेल्वराजनं मान खाली घातली. "शूटिंगवाल्यांनी. त्यांना दरीत ढकलायला जुनी गाडी हवी होती."

पिराजीला राग आला, पण तो कुणावर काढावा हे कळेना. सेल्वराजनं त्याला फसवलं नव्हतं. गंगव्वानंही पोरीचं वाईट चिंतलं नव्हतं. शेवटी तो स्वतःवरच चिडला आणि ते चिडणं अगदीच निरुपयोगी होतं. सेल्वराजनं दुसरी एक गाडी दाखवली. तिचं दार सगळ्या गाड्यांसारखं उघडत होतं आणि किंमत त्याच्या आवाक्यातली नव्हती. पिराजी नारळ घेऊन घरी आला.

जे. पी. नगरच्या त्या दोन खोल्यांत प्रणिता उद्याच्या ड्रेसला इस्त्री करत होती. त्यानं सगळं सांगितलं. गंगव्वानं पदर तोंडात धरला.

"दरीत?" प्रणितानं विचारलं.

"म्हणाला तसं."

तिनं ड्रेस उलटा केला आणि ती दुसऱ्या बाजूनं इस्त्री फिरवायला लागली.

सोमवारी पिराजी रिक्षाच करायची म्हणत होता. "आज रिक्षा, मग उद्या?" असं म्हणून ती कंपनीच्या बसच्या थांब्यावर येऊन उभी राहिली. बस आली. ड्रायव्हर भला माणूस होता, त्यानं इंजिन बंद केलं. पिराजीनं तिच्या काखेत हात घालून तिला उचललं. कॅलिपरचा पाय वाकेना, बुटाचं टोक पायरीखाली अडकलं आणि ती मागे बापाच्या अंगावर कलली. दोघंही पडायचे ते थोडक्यात वाचले. मागच्या गाड्यांनी हॉर्न लावले. बसमधले दोन तरुण लगबगीनं खाली उतरले. एकानं तिची पोटरी धरली, दुसऱ्यानं कंबरेला हात घातला. ओढणी खाली पडली आणि कुणाच्या तरी चपलेखाली आली. खिडक्यांतून सगळे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यांवर दयाच होती. आजपासून ज्यांच्या शेजारी बसून काम करायचं, तेच हे सगळे.

"बिडि!" प्रणिता कन्नडात ओरडली. "सोडा मला!"

सगळ्यांचे हात एकदम मागे झाले. पिराजीनं तिला खाली उभं केलं. तिनं कुबड्या घेतल्या आणि ती ड्रायव्हरला शांतपणे म्हणाली, "नीवु होगि. तुम्ही जा." तरुण ओशाळून वर चढले. बस गेली.

"उद्या कल्लाप्पाला बोलावतो," पिराजी ओढणी झटकत म्हणाला. कल्लाप्पा त्याच्या दुकानातला कारागीर. "आम्ही दोघं नीट चढवतो तुला. दुसरं कुणी हात लावणार नाही."

"आणि संध्याकाळी तिकडे?"

पिराजीनं ओढणी तिच्या खांद्यावर टाकली.

"चला घरी, अण्णा."

गंगव्वानं सकाळी उठून शिरा केला होता. पोरगी कामाला लागली म्हणून शेजारी वाटायचा होता. वाट्या भरून ओट्यावर मांडल्या होत्या. दारात कुबड्यांचा आवाज आला आणि तिला न सांगता सगळं समजलं. पिराजीनं शर्ट बदलला आणि तो दुकानात निघून गेला. घरात थांबायची त्याची हिंमत नव्हती.

प्रणितानं भिंतीला टेकून कॅलिपरचे पट्टे सोडले. गंगव्वा तिच्यासमोर उभी राहिली.

"बोल गं मला काहीतरी," ती म्हणाली. "शिव्या दे. माझ्यामुळं झालं."

प्रणितानं आईकडे पाहिलं. बोलायला पुष्कळ होतं. शुक्रवारपासून ते तिच्या ओठांवर होतं आणि त्यातलं काही खोटंही नव्हतं.

"शिरा केलायस ना?"

"केलाय."

"मग वाढ. भूक लागलीय."

गंगव्वानं ताटलीत वाढलं. प्रणितानं मान खाली घालून सगळा संपवला.

"छान झालाय," ती म्हणाली आणि ताटली पुढे केली. "अजून स्वल्प वाढ."

गंगव्वानं वाढलं. मग ती ओट्याशी गेली आणि शेजाऱ्यांसाठी भरलेल्या वाट्या एकेक करून परत पातेल्यात रिकाम्या करू लागली.