स्वस्त बाजूचा पंप

"माणशी एवढं डिझेल? बाई, आपले लोक ते पितात की काय?" राजधानीहून आलेल्या आकडेवारी खात्याच्या साहेबांनी विचारलं.

"पितात शेजारचे. आपण नुसते ओततो," पंपवाली म्हणाली.

खरंच होतं. सीमेपलीकडे डिझेल महाग, म्हणून तिकडचे ट्रक वळसा घालून इथे येत, टाकी गळ्यापर्यंत भरत आणि मग घाट चढत. युरोपातल्या देशांच्या वाहन-इंधनाची तुलना निघाली, तेव्हा हा टीचभर देश सगळ्यांत उधळ्या ठरला. साहेबांना ते फार झोंबलं होतं.

"तेल जिथे विकलं जातं, त्या देशाच्या माथी बसतं. जळेना का कुठेही! पण शेजाऱ्यांचं वजा केलं तरी तुमच्या पंपावर थोडं उरतंच. ते कुठे जळतं?"

तेवढ्यात धुक्यात भोंगा वाजला. दोनदा, तुटक. पंपवाली शेवटच्या नळीकडे धावली.

साहेब मागोमाग गेले. तिथे गाडीच नव्हती. पंपवालीने नळी मोकळ्या हवेत धरली होती. मीटर फिरत होतं आणि खालची फरशी कोरडी ठणठणीत होती.

"आमचे हे," ती संकोचून म्हणाली, जणू पाहुण्यांसमोर नवरा बनियनवरच आला होता. "घाटात ट्रकसकट गेले. तेव्हापासून धुकं पडलं की येतात. जिवंतपणी काडेपेटी कधी महाग दुकानातून घेतली नाही. मेल्यावर काय सवय सुटणार?"

साहेबांनी वाकून कोरड्या फरशीवरून बोट फिरवलं. "बोलतात काही?"

"संसारात तरी कुठे बोलायचे! टाकी भरली की नळीला टपली मारतात. तेवढं पुरतं मला."

नळी तिच्या हातात हलकेच हलली. मीटर थांबलं.

"बाई," साहेब चाचरत म्हणाले, "आमच्याच शिफारशीवरून एक तारखेपासून दोन्हीकडे एकच भाव होतोय."

तिचा चेहरा उतरला. "अहो, मग ते इथे कशाला येतील?"

"तुमच्यासाठी?"

"तुम्ही ओळखत नाही त्यांना. पलीकडचा पंप घाटाच्या पायथ्याशीच आहे. वळशालाही डिझेल लागतंच ना!"

एक तारखेला दाट धुकं उतरलं. एकही ट्रक फिरकला नाही. पंपवाली शेवटची नळी हवेत धरून उभी राहिली.

भोंगा वाजला. दोनदा, तुटक. सीमेपलीकडे, पायथ्याशी.

तिने नळीचं तोंड फडक्याने पुसलं, नळी जागेवर अडकवली आणि धुक्याकडे बघत हळूच म्हणाली, "पूर्ण भरून घ्या हो. पुढे चढ आहे."