शुक्रवारच्या बिबड्या

आमच्या घरातच हवामान खातं आहे. म्हणजे आमचे हे. नोकरीतून मोकळे झाल्यापासून सकाळी चहाच्या आधी मोबाइल उघडतात आणि ओट्यावर उभं राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचतात, जणू ढग यांच्याच सहीने सुटणार आहेत. त्या रविवारी वाचलं, "जळगाव, धुळे जिल्ह्यांत गुरुवारपर्यंत तापमानात वाढ, पारा चव्वेचाळीसच्या पुढे. शुक्रवारी दुपारनंतर मेघगर्जनेसह सोसाट्याचा वारा आणि पाऊस." एरवी मी म्हटलं असतं, मेघगर्जना राहू द्या, आधी चुलीवरचं दूध बघा. पण बिबड्यांचे दिवस होते, म्हणून मीही कान दिला.

बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड, पण एकट्या बाईने करायचं काम नाही ते. ज्वारी भिजवायची, सुकवून दळायची, पीठ आंबवायचं, मग पहाटे मोठ्या पातेल्यात लसूण, तीळ, मिरची घालून शिजवायचं आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर ओल्या लुगड्यावर थापत सुटायचं. पारोळ्याजवळच्या आमच्या गावात एका दिवशी एका घराची पाळी असते, बाकीच्या बायका हाताशी. सगळं आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आत उरकायचं, कारण आखाजीला लेकी माहेरी येतात आणि जाताना डबा भरून नेतात.

ताईबाई माझी शेजारीण. तिची एकुलती एक लेक हेमलता धुळ्याला दिलेली. माघात काविळीचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ती गेली. ताईबाई धुळ्याला जाऊन आली ती चौथ्या दिवशी, हातात एक पत्र्याचा डबा घेऊन. दरवर्षी बिबड्या भरून जायचा तोच डबा. विहीणबाईंनी रिकामा करून, घासूनपुसून परत दिला होता. तुमची वस्तू तुमच्याकडे बरी, म्हणाल्या. मला त्या बाईचा इतका राग आला होता की काय सांगू.

तर त्या रविवारी हवामान ऐकून कोकिळा अक्का आली. गल्लीतली सगळ्यात मोठी, रीतभात तिच्या जिभेवर. ताईबाईच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "ताई, तुन्ही पाळी कव्हय शे? शुक्रवारना आत करी ले."

"यंदा मी नई करस, अक्का. मन्हा घरमा सुतक शे."

सुतकाच्या घरात वर्षभर पापड, बिबड्या, लोणचं काही घालत नाहीत. शेजारपाजारची घरं आणून देतात. हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत. अक्का मात्र दिलेल्या लेकीच्या रीतीवर अडली.

"दिल्ही आंडेर ती सासरनी. तिन्हं सुतक माहेरले तीन दिन. वरीस तिन्हा सासरना लोकेसले."

"तीन दिनमा काय व्हस, अक्का?" ताईबाईने विचारलं.

अक्का पायरी उतरून चालू लागली. रीत तिने केली नव्हती, पण मोडायची हिंमतही तिच्यात नव्हती. आमच्यात तरी कुठे होती? त्याच दिवशी दुपारी धुळ्याहून सुनंदाबाईंचा, म्हणजे विहीणबाईंचा फोन आला. ताईबाईला कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा असतो, मी तिथेच बसले होते, सगळं ऐकलं. "आमच्याकडे वर्ष आहे, आम्हाला काही करता येत नाही. पुनम बिबड्या मागते. तुम्ही पाठवा. तुम्हाला चालतं ना."

पुनम हेमलताची पोर, दुसरीत शिकते. तिच्यासाठी नाही कसं म्हणणार? ज्या घरची सून गेली, त्या घराने शोक पाळायचा, आणि जिने तिला जन्म दिला तिने त्या घरासाठी हसतखेळत बिबड्या थापायच्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फोन ठेवून ताईबाईने त्या डब्याचं झाकण उघडून परत लावलं. मग मला म्हणाली, "प्रमिला, वारा-वादळ कोणता दिन सांगं?"

"शुक्रवारले. दुपारना मांगे."

तिने मान हलवली आणि संध्याकाळी ज्वारी भिजत घातली. मी हिशेब लावला. आज भिजवलेली ज्वारी थापायला नेमकी शुक्रवारीच येणार. मला वाटलं, दुःखाने बाईचं भान सुटलं. मी म्हटलं, "मन्हं पीठ तयार शे. ते ले, तू बुधवारी करी ले, मी मांगून करसू."

"नको. शुक्रवारीच," ती म्हणाली. दरवर्षी पातेलंभर ज्वारी घालणारी बाई, यंदा घातली होती ती ताटलीभर. तेही मी पाहिलं, आणि तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही.

गुरुवारपर्यंत ऊन असं तापलं की गच्चीवर पाय ठेववेना. सगळ्यांच्या बिबड्या खडखडीत वाळल्या. शुक्रवारी पहाटे आम्ही ताईबाईच्या गच्चीवर जमलो. तिने हेमलताची एक जुनी जांभळी साडी ओली करून अंथरली. दरवर्षी थापताना गाणी होतात, थट्टा होते, गरम घाटा, म्हणजे ते शिजलेलं पीठ, तेल घालून खाताना कुणाची तरी सून चिडवली जाते. त्या दिवशी नुसते हात चालले.

दुपारी हवा गच्च झाली. उत्तरेला काळं दाटून आलं, आणि धुळीचा लोट उठला तसं अक्काने खालून हाक मारली. आम्ही पदर खोचून जिने चढलो. ताईबाई साडीच्या कडेला बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून.

"साडी धर, ताई," अक्का म्हणाली.

"राहू दे."

"अवं, भिजी जाई बठ्ठं."

"भिजू दे, अक्का. मन्हा घरमा यंदा बिबडी नई व्हवाले पाहिजे."

वीज कडाडली. पहिले थेंब जांभळ्या साडीवर पडले. तेव्हा मला कळलं की भान कुणाचं सुटलं होतं. जे सुतक आम्ही माणसांनी तिला दिलं नाही, ते ती आभाळाकडून घेत होती. मी साडीचा काठ धरला होता, तो सोडून दिला. एकेकीने सोडला. पाऊस आमच्यासमोर त्या बिबड्या विरघळवत राहिला आणि ताईबाई भिजत बसून राहिली. अक्काने आपला पदर तिच्या डोक्यावर धरला, पण त्या पावसात पदराचं काय चालणार.

संध्याकाळी उघडलं. साडीवरचा लगदा ताईबाईने खरवडून गाईपुढे ठेवला. धान्य वाया घालवणारी बाई नव्हे ती. मी घरातून बिबड्या घेऊन तिच्याकडे निघाले, तर माझ्या आधीच अक्का तिथे पोचलेली. तिने फडक्यातून आणलेल्या बिबड्या पत्र्याच्या डब्यात रचल्या. माझ्या घेतल्या, मागून आलेल्या गल्लीतल्या ललिताच्या घेतल्या. डबा भरला तेव्हा झाकण लावून ताईबाईसमोर सरकवला.

"हाई पुनमले धाड. आनि तू वरीसभर काहीच करू नको, ताई. पापड, लोणचं, बठ्ठं आम्ही देसूत."

धुळ्याहून परतल्यापासून ताईबाई आमच्यासमोर एकदाही रडली नव्हती. ती आता रडली, डब्यावर डोकं टेकून, हेमलताचं नाव घेत. आम्ही तिघी तिच्याजवळ बसून राहिलो. बाहेर ओट्यावर आमचे हे उद्याचं हवामान वाचायला लागले होते. मी त्यांना गप्प बसा म्हणून सांगितलं.