नुसतं वाचायचं तर आहे

दाजींनी ताईचा जबडा मोडला तो कुकरच्या झाकणाने. त्याआधी बोटं, त्याआधी कानाचा पडदा. नवरा कसला, कसाईच तो. पण ताईच्या धाकट्या भावाच्या तोंडून अजूनही ‘दाजी’च निघायचं. जबड्याच्या तारा निघाल्यावर त्यानेच ताईला शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली बघून दिली. पत्ता या बहीणभावांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हता.

धाकटा वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या कंपनीत प्रोग्रॅमर होता. गिऱ्हाइकांशी चॅटवर बोलायला कंपनीने एक भाषेचं मॉडेल, म्हणजे माणसासारखं बोलणारा प्रोग्रॅम, आणलं होतं. गोड बोलण्यात ते पटाईत, पण कंपनीच्या कारभारातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून धाकट्याने मधला सर्व्हर बांधला. मॉडेलने मागायचं, सर्व्हरने कंपनीच्या नोंदींतून आणून द्यायचं. तक्रार घेणं, वेळ बदलणं, रद्द करणं, या सगळ्याला त्याने कुलूप घातलं. ऑफिसातल्या माणसाने हो म्हटल्याशिवाय पान हलायचं नाही. नोंद दाखवायला मात्र कुलूप नव्हतं. शेजारी बसणाऱ्या मुलीने त्याबद्दल विचारलंही होतं.

“नुसतं वाचायचं तर आहे,” तो म्हणाला. “त्यानं काय बिघडतंय?”

या धंद्यातली भली भली शहाणी माणसं असंच म्हणतात.

सर्व्हर चालू झाला आणि ताईचं मशीन बंद पडलं. धाकट्याला आयतीच चाचणी मिळाली. ताईच्या नावाने, पत्त्यासकट, तक्रार त्यानेच टाकली आणि तिला फोनवर बजावलं, “दुपारी मेकॅनिक येईल. त्याला तेवढं दार उघड.”

दुपारी तो मोठ्या कौतुकाने चॅट चाळत बसला. एके ठिकाणी ताईचं नाव दिसलं. बायकोला हुडकत दाजी बँकेत गेले होते, दवाखान्यात गेले होते; माणसांनी त्यांना हाकलून दिलं होतं. घरातलं जुनं मशीन याच कंपनीकडे दुरुस्तीला जायचं, म्हणून सकाळी त्यांनी इथल्या चॅटवरही खडा टाकून पाहिला होता.

“बायकोच्या नावाची नोंद आहे. पत्ता बरोबर आहे का, बघा जरा.”

मॉडेलने पत्ता सांगितला. दुपारी मेकॅनिक येतोय हेही सांगितलं, आणि वर विचारलं, आणखी काही मदत करू का?

धाकट्याने लगेच फोन लावला. ताईचा फोन नुसता वाजत राहिला. तो धावत सुटला.

दार सताड उघडं होतं. दाजींनी ताईचे केस मुठीत धरले होते आणि तिचं डोकं ते मशीनच्या पत्र्यावर आपटत होते. “मेकॅनिक पाहिजे काय तुला?” पुन्हा आपटलं. “मेकॅनिक?” पत्र्यावर रक्ताचे ओघळ आले होते.

धाकट्याने मागून गळा आवळला. दाजींनी कोपराने त्याची बरगडी मोडली, त्याला खाली पाडलं आणि छातीवर बसून ठोसे घातले. दात घशात घालीन असं लोक नुसतं म्हणतात; दाजींनी घातले. मग त्यांचे अंगठे त्याच्या गळ्यात रुतले.

मशीन डुगडुगू नये म्हणून ताईने खाली वीट सरकवली होती. ती तिने ओढून काढली आणि दाजींच्या डोक्यात घातली. ते कलंडले तरी ती घालतच राहिली, कुकरचं झाकण, बोटं, कान, सगळ्याची भरपाई होईपर्यंत. मला विचाराल तर तिचं काही चुकलं नाही. दाजी पुन्हा उठले नाहीत.

पोलीसबाई आल्या तेव्हा ताई धाकट्याचा हात घट्ट धरून बसली होती.

“पत्ता कुणी दिला त्याला?” बाईंनी विचारलं. “तूच बोलावून घेतलंस का?”

ताईने नकारार्थी मान हलवली. वाकडा जबडा सावरत कसंबसं बोलली, “फक्त याला माहीत होता. आणि हा जीव गेला तरी सांगायचा नाही.”

धाकट्याला रडू फुटलं. “मीच दिला, ताई,” तो फुटक्या तोंडाने म्हणाला. “माझ्या सर्व्हरने दिला.”

ताईने त्याचा हात सोडला, उठली, आणि पोलीसबाईंना म्हणाली, “चला.”